आबांच्या धोतराचा गोट

भटूनं आपल्या सासूला पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी सातपुडा दोन हात मागं सरकला होता. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटे, पण भटू शपथेवर सांगे. मे महिन्याचं ऊन, चोपड्याहून एसटीनं येऊन फाट्यावर उतरलेले दोघं, भटू आणि त्याच्यासाठी मुली हुडकणारे अभिमनमामा, आणि पुढं गावापर्यंत दोन्ही बाजूंनी केळीचे मळे. गाव दिसायला लागलं तोच समोरून एक आवाज आला. तो बाईचा आवाज आहे हे नंतर कळलं. आधी भटूला वाटलं, भुसावळजवळच्या वीजघराचा भोंगा फुटला. त्या आवाजानं केळीची पानं उलटी झाली, वीज गेलेली असताना विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि भुसावळ जंक्शनात सकाळपासून अडकून पडलेली मालगाडी, सिग्नल मिळाला असं समजून, नागपूरच्या दिशेनं सुटली. अभिमनमामांनी शांतपणे उपरण्यानं मान पुसली, आवाज आला त्या दिशेला हात केला आणि म्हणाले, "चाल, घर उनं."

ओट्यावर धुरपदाबाई उभी होती. उंची एवढीशी की ओट्यावर उभी असूनही ती खाली उभ्या भटूच्या डोळ्यांत जेमतेम डोळे घालू शकत होती. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात जुनं लुगडं, आणि शिव्या चालल्या होत्या त्या लुगड्यावरच्या डागाला.

"मधोमध! देखा, बरोबर मधोमध! तुले दुसरी जागाच नही भेटनी का रे मेल्या?"

डाग काही बोलला नाही. मग तिचं लक्ष भटूच्या खांद्याकडं गेलं. भटूनं त्या दिवसासाठी मुद्दाम पांढरा टेरिकॉटचा सदरा शिवून घेतला होता. वाटेत ऊन सोसेना म्हणून त्यानं केळीचं एक पान तोडून डोक्यावर धरलं आणि देठातून गळलेला चीक खांद्यावर पसरला. घरी पोचेपर्यंत त्याचा ओंजळीएवढा तपकिरी डाग झाला होता. भटू लाजून खांदा लपवायला लागला. धुरपदाबाई मात्र त्या डागाकडं, लोक देवाच्या मूर्तीकडं बघतात तशी, बघत राहिली. मग आत तोंड करून ओरडली,

"सुनंदे, पोहा टाक. पोरगा कष्टाळू शे!"

भटू धुळ्याला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. खुर्ची, वर पंखा, समोर कापसाच्या गाड्या. आयुष्यात त्यानं केळी पाहिली होती ती हातगाडीवर. पण लग्न ठरत असताना खरं बोलण्याची आपल्याकडं पद्धत नाही. त्यानं पोहे खाल्ले.

धुरपदाबाईचं चुकलं म्हणावं, तर तिची मापं त्या गावात सगळ्यांचीच मापं होती. केळीचा चीक दिसायला पाण्यासारखा. कपड्यावर पडला की तासाभरात रंग धरतो आणि मग सोडा लावा, लिंबू चोळा, नदीवर नेऊन धोपटा, कापड फाटेल पण डाग हलणार नाही. ज्या गावात घड कापायचे, पानं छाटायची, बुंध्याशी फुटलेली पिलं काढायची, तिथं अख्ख्या गावाचे कपडे डागाळलेले. नवरदेवसुद्धा हळद उतरताच डागाळायचा. त्यामुळं माणूस कामाचा की रिकामा, हे चेहऱ्यावरून नाही, धोतरावरून ओळखायचं, अशी तिथली रीत. भटूचा धंदा लग्नानंतर कळला, तेव्हा धुरपदाबाईनं आठवडाभर अभिमनमामांचा उद्धार केला. पुढची दोन वर्षं मामांनी त्या फाट्यावर उतरायचं टाळलं.

ही बाई रागावर जगत होती. भाकरी ती चवीपुरती खायची. सकाळी उठल्याबरोबर चुलीवर, मग म्हशीवर, मग ग्रामपंचायतीवर, मग ऊन चढेल तसं माणसांवर. तिचा राग नसलेली घरात दोनच माणसं होती. एक मुलगी सुनंदा आणि दुसरे नवरा गिरधरनाना. नानांवर रागवायला काही सापडतच नसे. पहाटे मळ्यात जायचे, दिवे लागले की यायचे, पानात पडेल ते खायचे आणि भिंतीला टेकून झोपायचे. त्यांच्या अंगावर चीक नसलेली जागा नव्हती. धोतर, बंडी, उपरणं, सगळं एकाच रंगाचं, आणि तो रंग कुठल्याच दुकानात मिळायचा नाही.

राग ओसरायची तिची एकच वेळ होती. ती गोधडीला गोट लावायला बसली की. गल्लीतल्या बाया आपापल्या गोधड्या आपणच शिवायच्या, पण कड बांधायला तिच्याकडं आणायच्या. कापड जमिनीवर अंथरायचं, त्याचं एक टोक समोरच्या काठावर आणून तिरपी घडी घालायची आणि त्या घडीवर चार बोटं रुंदीच्या उरेब पट्ट्या कापायच्या. पट्ट्या तिरप्याच जोडायच्या, दोन्ही कडा आत दुमडायच्या आणि निखारे भरलेला तांब्या वरून फिरवायचा. सरळ कापलेल्या पट्टीत एकच धागा कडेवर येतो, तो झिजला की बाजूच गेली. उरेब पट्टी कोपऱ्यावरून अशी वळते की जणू तिला कुणी वळ म्हणून सांगितलंय. हे सगळं तिला यावलला माहेरी आईनं शिकवलं होतं. आई तिच्याहूनही तापट होती, असं म्हणतात. त्यावर भटूचा विश्वास बसत नसे.

बाजारात तयार पट्टीची रिळं यायला लागली, तेव्हा एका शेजारणीनं हौसेनं एक आणून दाखवलं. धुरपदाबाईनं ते दोन बोटांत धरून नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "हाई गोट शे का? हाई तर पायजम्यानी नाडी शे." शेजारीण पुन्हा म्हणून रीळ घेऊन आली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर भटू बायको-लेकीला धुळ्याला न्यायला आला, तेव्हा सासूबाई ओट्यावर नव्हत्या. त्या आत पेटीत शिरल्या होत्या. बाहेर दिसत होते ते फक्त पाय, आणि आतून आवाज येत होता.

बाळंतविड्याची गोधडी तयार होती, फक्त गोट राहिला होता. आता यात एक अडचण होती. तान्ह्या बाळाच्या गोधडीला कोरं कापड चालत नाही. सगळं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. कोरं कापड कातडीला टोचतं आणि नव्या कापडानं बाळाला नजरही लागते, असं सगळे मानायचे. म्हणजे दुकानातलं कापड बाद. आणि गोट पांढराच हवा, बिनडागाचा हवा, असं धुरपदाबाईच्या आईचं म्हणणं. गोट हाच गोधडीचा चेहरा. व्याह्यांच्या घरी गोधडी उलगडली की आधी कड दिसते.

"मामी, डाग असला तरी चालेल," भटू भीत भीत म्हणाला. "धुळ्याला कुणाला कळणार नाही."

पेटीतून डोकं बाहेर आलं. "जवाईबुवा, तुमले नही कळाव. तुमले डाग कसा पडस हाईच कोठे माहीत शे!"

भटूनं आपल्या खांद्याकडं पाहिलं.

पेटीतलं एकेक कापड बाहेर आलं. तिची लुगडी, नानांची धोतरं, तिच्या सासऱ्यांचा जुना फेटा. सगळीकडं तोच तपकिरी डाग, कुठं थेंब, कुठं ओघळ. शेवटी पेटी रिकामी झाली. धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आणि तिची नजर अंगणातल्या दोरीवर गेली.

दोरीवर तोताराम आबांचं धोतर वाळत होतं. नीळ घातलेलं, पांढरंशुभ्र, वर्षानुवर्षं धुऊन रेशमासारखं मऊ झालेलं. काठापासून काठापर्यंत एक डाग नाही.

आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मळा आबांच्या नावानं ओळखला जायचा. आबा मळ्यावर नजर ठेवायचे. ती नजर ते पारावरून ठेवायचे, आणि पारावरून मळा दिसत नव्हता. व्यापारी आला की भाव आबा ठरवायचे, चोपड्याला फळबागेवर चार शब्द बोलायला आबा जायचे, एक दिवस एक धोतर, दुसऱ्या दिवशी दुसरं. आणि अंगावरून उतरलेलं धोतर रोज धुवायची, नीळ घालून, झटकून दोरीवर टाकायची धुरपदाबाई. इतकी वर्षं ती हे करत आली होती आणि त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ इतकी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर दोरीवर हलत होता. आज गोटासाठी कापड शोधताना तो पहिल्यांदा तिला नीट वाचता आला.

त्यात दुसऱ्या दिवशी आबांचा सत्कार होता. तालुक्यातल्या एका मंडळानं त्यांना 'कष्टकरी बागायतदार' म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं होतं. गावात पत्रकं वाटली होती. पत्रकात आबांचा फोटो होता, याच धोतरात.

दुपारी आबा झोपले. धुरपदाबाईनं धोतर दोरीवरून ओढलं, माजघरात अंथरलं आणि तिरपी घडी घातली. भटूला एवढं कळत होतं की ती पट्ट्या नेहमी टोकाकडून कापते, म्हणजे उरलेलं कापड कामाला येतं. आज तिनं कात्री बरोबर मधोमध घातली.

"मामी!"

"चूप बसा."

उरेब कापलेल्या कापडाचं पुन्हा काही होत नाही. जोडून धोतर होत नाही, फडकंसुद्धा धड होत नाही. कात्रीचा आवाज करकर येत होता आणि धुरपदाबाईच्या चेहऱ्यावर असा संतोष होता, की सुनंदा बाळाला घेऊन हळूच परसात निघून गेली. तिन्हीसांजेपर्यंत गोधडीच्या तीन बाजू बांधून झाल्या. गोट असा पांढरा, असा सपाट बसला होता, की भटूला मनातून वाटलं, गुन्हा आहे खरा, पण सुबक आहे.

सकाळी आबा अंघोळ करून पंचा लावून अंगणात आले. दारात मंडळाची जीप उभी होती. आबांनी दोरीकडं पाहिलं. दोरी रिकामी. दुसरं धोतर धुरपदाबाईनं पहाटेच सोड्यात भिजत घातलं होतं.

आता इथं भटूचं मरण आलं. धुरपदाबाई जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नसे. लग्न झाल्यापासून एक शब्द नाही. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि सांगायचं ते म्हशीला, भिंतीला किंवा मधल्या माणसाला सांगायचं, ही रीत. आबाही तिच्याशी थेट बोलत नसत. अंगणाच्या या टोकाला आबा, त्या टोकाला पदरात ती, आणि मध्ये खाटेवर मधला माणूस, कपबशी हातात धरून.

"भटू, तिले इचार, मनं धोतर कोठे शे?"

"जवाईबुवा, त्यास्ले सांगा, धोतर गोधडीले लागनं."

दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी भटूनं खाकरून सांगितलं, "आबा, मामी म्हणतात, जरा चुकून—"

"मी कव्हय म्हनं चुकीसन?" पदरातून भोंगा वाजला. अंगणातली कोंबडी छपरावर गेली. "सांगा, जानीबुजीसन कापं!"

"कोनले इचारीसन कापं? इचार तिले!"

"सांगा, नातले इचारं मी! ती हा म्हननी!"

"घरमा दुसरं कापड नही व्हतं का?"

"सांगा, शे ना! बठ्ठं घर भरी शे! पन बठ्ठाले डाग शेत! ज्यासनी मळा करा, त्यास्ना कपडा असाच ऱ्हातस! एकच धोतर कोरं निंघनं या घरमा! काबरं कोरं निंघनं, तेवढं इचारा त्यास्ले!"

हे भटूनं पोचवलं नाही. पोचवायची गरजही नव्हती. जीपचा ड्रायव्हर, शेजारचे, पलीकडच्या गल्लीतले, सगळ्यांपर्यंत ते पोचलं होतं. गिरधरनाना गोठ्याच्या दारात वैरणीचा भारा घेऊन उभे होते. त्यांनी भारा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि आत गेले.

आबांचा चेहरा विटेसारखा झाला. पण जीप दारात होती, आणि शेजारीपाजारी मागावं तर गावात पांढरं धोतर दुसरं नव्हतं. शेवटी आबांनी नानांचं धोतर नेसलं. गुडघ्यावर ओंजळीएवढा डाग, मागं दोन, काठावर ओघळ. आबा जीपमध्ये चढताना डाग झाकायला हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, कारण हात दोन आणि डाग बरेच.

धुरपदाबाईनं भटूला दारातच गाठलं. आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "तुम्ही जा संगे. नानास्ले बी ली जा. देखा, त्यासनी मान कशी खाले जास. बठ्ठा तालुका इचारी, हाई धोतर कोनं? मंग समजी, मळा कोन करस. माले ईसन सांगा. खरं खरं सांगा."

ती आत गेली आणि गोधडीची चौथी बाजू मांडीवर घेऊन बसली. सुई ओवली, पण टाका घातला नाही. तिला बातमी ऐकून घालायचा होता.

मंडपात आबा मान खाली घालूनच बसले होते. भटू आणि नाना मागच्या सतरंजीवर. भाषणं झाली. प्रमुख पाहुणे कुठून तरी लांबून आले होते, पांढऱ्या सफारीत. त्यांनी आबांना शाल घातली, आणि शाल घालताना त्यांची नजर खाली गेली. ते थांबले. माईककडं वळले.

"बंधूंनो," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. "मी आजवर पुष्कळ सत्कार केले. लोक सत्काराला कडक इस्त्रीचे कपडे घालून येतात. पण हा माणूस बघा! हा मळ्यातून थेट इथं आला! हे धोतरावरचे डाग पाहा! हे डाग नाहीत, ही या काळ्या आईनं दिलेली पदकं आहेत!"

मंडप फुटेल अशा टाळ्या पडल्या. आबांनी मान हळूहळू वर केली. गुडघ्यावरचा हात काढला. मग दोन्ही हात काढले. फोटोग्राफर पुढं आला तेव्हा त्यांनी तो डागाचा गुडघा जरा पुढंच केला.

घरी येईपर्यंत भटूनं सात-आठ खोट्या बातम्या जुळवून पाहिल्या. जिनिंगच्या काट्यावर त्याची जीभ चांगली चालायची. पण दारात ती मांडीवर गोधडी घेऊन तशीच बसलेली दिसली आणि त्याला एकही खोटं आठवेना.

"कशी गई मान?"

"खाली होती, मामी."

"मंग?"

"मग वर आली." आणि त्यानं सगळं सांगितलं. डाग, पदकं, टाळ्या.

धुरपदाबाईनं सुई खाली ठेवली. "कोनी इचारं नही, धोतर कोनं शे?"

"नाही."

"नानास्नी सांगं नही?"

"नाही."

"नानास्नी बी टाया वाजाड्यात?"

भटूनं आढ्याकडं पाहिलं. "वाजवल्या. पुष्कळ वाजवल्या."

आता सातपुडा आणखी मागं सरकणार म्हणून भटूनं अंग आवळलं. पण ती काही ओरडली नाही. ती भटूच्या खांद्याकडं बघत होती. सदरा नवा होता, निळा, खांद्यावर काही नव्हतं. तरी तिथंच ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माणूस बठ्ठीकडे येडाच शे," आणि गोधडी ओढून चौथी बाजू शिवायला लागली. सुई कापडात अशी खुपसत होती, जशी कुणाच्या तरी पाठीत. टाके एरवी तिळाएवढे असायचे, त्या दिवशी बोटाएवढे पडले.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एसटी पकडायला निघताना भटूनं पाहिलं, आबा पारावर बसले होते. सोड्यातून निघालेलं धोतर पांढरंशुभ्र वाळून त्यांच्या अंगावर होतं, आणि नानांचं धोतर घडी घालून मांडीवर ठेवलं होतं. पुढच्या कार्यक्रमाला लागेल म्हणून.

ते लागलंही. आबांना पुढं आणखी तीन सत्कार मिळाले. नव्वद सालचा चोपड्यात झाला, पाठोपाठ एक यावलला, आणि शेवटचा त्यांच्याच गावात. तिन्ही फोटोंत नानांचं धोतर आहे. नाना एकाही फोटोत नाहीत. धुरपदाबाई पुढं आठ वर्षं जगली आणि त्या आठही वर्षांत आबांची धोतरं तिनंच धुतली, रोज त्यांना शिव्या देत. गोधडी भटूच्या घरी धुळ्याला गेली. दुसऱ्याच धुण्यात चौथ्या बाजूचा गोट उसवला. भटूनं तिथल्याच आग्रा रोडवरून तयार पट्टीचं रीळ आणलं आणि शिंप्याकडून चारही बाजूंना मशीन मारून घेतली. ती पट्टी चांगली टिकली.